दिवसाचे ठोके

मार्केट यार्डाच्या मागच्या अंगाला, कांद्याच्या वखारीला लागून वैद्यकीय उपकरणांचे एक गोदाम आहे. सुखदेव ओव्हाळांची सगळी नोकरी तिथे झाली. कितीही बंदोबस्त केला तरी खोक्यांना कांद्याचा वास लागतोच. नवे यंत्र घेऊन सुखदेव दवाखान्यात शिरले आणि खोके उघडले, की एखादा जुना डॉक्टर नाक वर करून विचारी, "ओव्हाळ, आज यंत्र आणलंय की भजी?" सुखदेव हसत. हे हसणेही कामाचाच भाग, असे ते धरून चालत.

कॉमर्सची पदवी घेऊन ते इथे लागले तेव्हा रक्तदाबाची यंत्रे पाऱ्याची होती. टॉवेलात गुंडाळून स्कूटरवर पायांपाशी ठेवायची आणि खड्डा दिसला की वेग कमी करायचा. मग बॅटरीवरची यंत्रे आली, घरच्या घरी साखर मोजायची आली. करोनात बोटाला लावायचे ऑक्सिमीटर आले, तेव्हा गिऱ्हाईक अर्ध्या शटरखालून हात आत घालत होते. सुखदेवांनी सगळे विकले. विकण्यात त्यांचा एक नेम होता. यंत्र दिले की आठवड्याने पुन्हा जायचे आणि आपल्या डोळ्यांदेखत वापरायला लावायचे. यंत्र फारसे चुकत नाही, माणूस पट्टा उलटा बांधतो, असे त्यांचे मत होते आणि ते क्वचितच खोटे ठरले.

दोन वर्षांपूर्वी त्यांची बायको प्रेमला गेली. वाघोलीच्या नव्या फ्लॅटमध्ये सकाळी भांडी लावता लावता तिच्या हातातली ताटली पडली आणि मागोमाग ती. लकवा. हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी सांगितले, की हिच्या हृदयाचे ठोके अनियमित पडत असणार, बरेच महिने पडत असणार. त्याने हृदयात रक्ताची गुठळी होते आणि ती मेंदूत जाऊन अडकते. वेळेवर कळले असते तर गोळीवर भागले असते. सुखदेवांनी मान डोलावली. घरी पलंगाखाली डेमोच्या यंत्रांची खोकी होती. त्यातले एकही प्रेमलाच्या हाताला कधी लागले नव्हते. तिने मागितले नाही, यांच्या डोक्यात आले नाही.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, नातेवाईक आपापल्या घरी गेले आणि सुखदेव कामावर आले. रडू येईल म्हणून त्यांनी काही दिवस वाट पाहिली. मग वाट पाहणेही सुटले. जेवणाला चव लागे, पण ती दुसऱ्या कोणाच्या तरी तोंडात असल्यासारखी. पौर्णिमेला ते बुद्धमूर्तीपुढे मेणबत्ती लावत, कारण ती लावायची. वाघोलीहून बसने स्वारगेट, तिथून चालत यार्ड. खिडकीची जागा मिळाली काय आणि न मिळाली काय.

अशा दिवसांत मालकांचा मुलगा पुष्कर एमबीए करून गोदामात बसू लागला. त्याने नवा धंदा आणला. मनगटावर बांधायचा बँड, जो पावले मोजतो, झोप मोजतो, ठोके मोजतो आणि सगळे मोबाइलवर दाखवतो.

"काका, मार्केट दोन आहेत," पुष्करने फळ्यावर रेघ ओढत समजावले. "एक कंझ्युमर, एक क्लिनिकल. कंझ्युमरमध्ये व्हॉल्यूम आहे पण लॉयल्टी झिरो. आज आपला बँड, उद्या ऑनलाइन सेलमधला. क्लिनिकल स्लो आहे, पण एकदा डॉक्टरनं ट्रस्ट केलं की आपण सेट."

"डॉक्टरनं हो म्हणायला हवं," सुखदेव म्हणाले.

"म्हणून तर तुम्ही आहात ना."

सुखदेवांनी हे आपल्या पद्धतीने लावून घेतले. पहिल्या बाजारात गिऱ्हाईक विचारते, किती? किती पावले, किती झोप, किती सूट. दुसऱ्या बाजारात डॉक्टर विचारतो, कोणाचे? एवढा फरक त्यांना पुरेसा होता.

सहकारनगरात हृदयरोगाचा दवाखाना चालवणाऱ्या डॉक्टर नीरजा यांनी आपले पहिले बीपीचे यंत्र सुखदेवांकडून घेतले होते. त्या तयार झाल्या. त्यांच्या साठीपुढच्या काही पेशंटांनी पावसाळाभर बँड बांधायचा, त्यांचे ठोके बाईंच्या संगणकावर दिसायचे. खरे उतरले तर बँड दवाखान्यात कायमचा, आणि बाईंच्या शब्दावर आणखी दहा डॉक्टरांकडे. दिवाळीला सुखदेव निवृत्त होणार होते, म्हणजे हे शेवटचे काम. त्याचा आनंद असा नव्हता. बाहेर पडताना दार नीट ओढून घ्यावे, तेवढेच.

आठवड्याने घरोघरी जाऊन पाहण्याचा विषय त्यांनी काढला, तेव्हा पुष्कर हसला. "काका, सगळं स्क्रीनवर दिसतं. घरी जावं लागत नाही, हेच तर विकतोय आपण."

ते बरोबरच होते. सुखदेव गेले नाहीत.

बाईंच्या पेशंटांत दिगंबर सहस्रबुद्धे म्हणून बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. त्यांचा बँड उत्तम चालला होता. पावले तर इतकी, की त्यांच्या सोसायटीतल्या ज्येष्ठ नागरिक संघाच्या फळ्यावर त्यांचे नाव सगळ्यात वर असे. पावलांवर आरोग्य विम्याच्या हप्त्यात सूटही मिळत होती. फक्त त्यांचे ठोके वेडेवाकडे येत होते. रात्री सरळ, दिवसा वाकडे. बाईंनी त्यांना बोलावून कार्डिओग्राम काढला, तो स्वच्छ. मग छातीला तारा लावून चोवीस तासांचे हॉल्टर लावले, तेही स्वच्छ. आणि नेमके त्याच दिवशी बँडवर लाल इशाऱ्यांची रांग.

बाईंनी सुखदेवांना फोन केला.

"ओव्हाळ, तुमचं यंत्र झोपलेल्या माणसाचे ठोके मोजतं आणि चालत्या माणसावर कविता करतं. कविता मला वाचायची नाही. थांबवू या आपण."

"बरं," सुखदेव म्हणाले.

पुष्करला फार वाईट वाटले नाही. "क्लिनिकल सोडून देऊ. कंझ्युमरला कोण विचारतं ठोके बरोबर आहेत का? बँड परत आणा काका. नवा बॉक्स, नवा स्टिकर."

परत आणायला सुखदेव स्वतः गेले. सहस्रबुद्ध्यांच्या घरी पोचले तेव्हा सकाळचे काम उरकून दुपारचा स्वयंपाक चालू होता. त्यांच्या पत्नी आनंदीबाईंनी दार उघडले.

"या. चप्पल तिथेच राहू द्या. नाव काय म्हणालात?"

"ओव्हाळ."

"ओव्हाळ म्हणजे कुठले तुम्ही?"

"पुण्याचेच. ताडीवाला रोडचे."

"अच्छा," त्या म्हणाल्या. हे 'अच्छा' सुखदेवांच्या ओळखीचे होते. पूर्वी ते थोडे टोचायचे. आता तेही टोचत नव्हते.

दिगंबरराव खुर्चीत होते. एक पाय स्टुलावर, गुडघ्यावर गरम पाण्याची पिशवी, शेजारच्या टेबलावर मोबाइल. डावे मनगट मोकळे.

"बँड न्यायला आलोय," सुखदेव म्हणाले.

"हो हो. तो जरा चार्जिंगला लावलाय."

चार्जरची वायर टेबलावरून रिकामी लोंबत होती. सुखदेवांनी तिच्याकडे पाहिले आणि मग गुडघ्याकडे पाहिले. "गुडघा कधीपासून?"

"झाला की महिना," आत जाता जाता आनंदीबाई म्हणाल्या. "खालच्या बाकापर्यंत जातात आणि रिक्षा मिळाली असती तर परत रिक्षानं आले असते."

दिगंबररावांनी घसा साफ केला. तेवढ्यात दार लोटून कामवाली बाई आत आली, आणि टेबलावरचा मोबाइल वाजू लागला.

हा बँड पावले आणि ठोके स्वतःजवळ साठवून ठेवतो आणि आपल्या मोबाइलच्या जवळ आला, की साठवलेले सगळे त्यात ओततो. सुखदेवांनी हे शेकडो लोकांना समजावून सांगितले होते. आता त्यांच्यासमोर दिगंबररावांच्या मोबाइलवर पावलांचा आकडा भराभर चढला, आणि त्याच्याखाली लाल इशारा उमटला. ठोके अनियमित, डॉक्टरांना भेटा.

"काकू," बाई दारातूनच म्हणाली, "हे काकांचं घड्याळ आज लई थरथरतंय. मी म्हनलं कुणाचा फोनबिन आला का काय ह्याच्यात." तिच्या डाव्या हातात हिरव्या बांगड्यांच्या मागे बँड होता.

दिगंबरराव छताकडे पाहू लागले.

"आता वर काय बघताय?" आनंदीबाई म्हणाल्या. "सांगा त्यांना. गुडघा तुमचा, पावलं कांताची, आणि पहिला नंबर पुन्हा तुमचाच."

"गंमत म्हणून सुरू झालं हो, ओव्हाळ," दिगंबरराव म्हणाले. "गुडघ्यानं दगा दिला आणि फळ्यावर नाव खाली यायला लागलं. चौथ्या मजल्यावरचे ते कुलकर्णी वर गेले. ते कुलकर्णी! सोसायटीचा मेन्टेनन्ससुद्धा वेळेवर भरत नाहीत. मग म्हटलं, कांताबाई दिवसभर या इमारतीतून त्या इमारतीत फिरतेच आहे. सकाळी तिला द्यायचं, संध्याकाळी घ्यायचं. रात्री मीच बांधतो. झोप माझी स्वतःची आहे."

"आणि हॉल्टर लावलं त्या दिवशी?"

"त्या दिवशी तर तारा सुटतील म्हणून मी हललोच नाही. सगळा दिवस शून्य गेला असता."

सुखदेव कांताबाईंकडे पाहत होते. पन्नाशीच्या असाव्यात. पदराने मानेवरचा घाम पुसत त्या दाराच्या चौकटीला टेकून उभ्या होत्या.

"बाई, बसा जरा. धाप लागते का?"

"लिफ्टला किती येळ थांबायचं? जिना चढलं की लागनारच की."

"छातीत धडधड होते?"

"ती काय रोजचीच हाय."

त्या फरशीवर बसल्या. सुखदेव समोर उकिडवे बसले आणि त्यांनी कांताबाईंच्या मनगटावर दोन बोटे टेकवली. दोन ठोके घाईचे. मग काहीच नाही. मग एक, मग एकदम तीन. इतकी वर्षे ठोके मोजायची यंत्रे विकली, पण कोणाचा हात असा धरायची वेळ फारशी आली नव्हती. प्रेमलाचा हात त्यांनी असा कधीच धरला नव्हता. नंतर धरला, तेव्हा मोजायला काही उरले नव्हते. आत काही हलेल असे त्यांना क्षणभर वाटले. हलले नाही. फक्त बोटे उचलावीशी वाटेनात.

"यांना आत्ताच डॉक्टरांकडे न्यायला हवं," ते उठत म्हणाले.

"न्या की, जरूर न्या," दिगंबरराव म्हणाले. मग आवाज उतरवून, "फक्त ते घड्याळाचं तेवढं बोलू नका. संघाचा मी खजिनदार आहे. विम्याचंही आहे. आणि नीरजा मॅडम माझ्या बहिणीच्या ओळखीतल्या आहेत. शोभणार नाही ते."

सुखदेवांनी हो म्हटले नाही आणि नाहीही म्हटले नाही. बँड खिशात टाकून ते कांताबाईंबरोबर जिना उतरले. या वेळी हळू.

दवाखान्यात कांताबाईंचा कार्डिओग्राम निघाला. स्वच्छ. ही खोड अशीच असते, येते आणि जाते. कार्डिओग्रामच्या त्या मिनिटभरात ती सापडेलच असे नाही. सापडली होती ती दिवसेंदिवस बँडवर, आणि तिथे नाव सहस्रबुद्ध्यांचे होते. सुखदेवांनी डॉक्टरबाईंना सरळ सगळे सांगून टाकले.

डॉक्टर नीरजांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "ओव्हाळ, इतक्या वर्षांत तुम्ही मला खोटं सांगितलं नाहीत. पण मी यंत्र परत पाठवते, आणि लगेच तुम्ही एक बाई घेऊन येता आणि म्हणता, ते ठोके हिचे. मी काय समजायचं?"

"माझं यंत्र राहू द्या, मॅडम. हिला औषध सुरू करा."

"रक्त पातळ करायचं औषध आहे ते, खोकल्याची गोळी नव्हे. एकाच्या ठोक्यांवर दुसऱ्याला मी देत नाही. हॉल्टर लावू या. सोमवारी मशीन मोकळं होईल."

"तारा लावून भांडी कशी घासू मॅडम?" कांताबाई उठल्याच. "मला काय झालंय? मी बरी हाय. चारची घरं राहिलीत माझी."

सोमवारी ही येणार नाही, हे सुखदेवांना स्पष्ट दिसले. इतकी वर्षे लोकांच्या घरी जाऊन जी एक गोष्ट कळली होती, ती हीच. त्यांनी कांताबाईंना बाकावर बसवले, "पाच मिनिटं" म्हणाले आणि बाहेर येऊन दिगंबररावांना फोन लावला.

"सहस्रबुद्धे साहेब, तुम्हाला इथं यायला लागेल."

"अहो, मी म्हटलं होतं ना, घड्याळाचं—"

"माझी मिसेस भांडी लावता लावता पडली," सुखदेव म्हणाले. आवाज बसथांब्यावर पत्ता सांगावा तसा होता. "तिचे ठोके असेच होते. कोणी मोजले नव्हते. हिचे मोजलेले आहेत, फक्त ते तुमच्या नावावर आहेत."

पलीकडून फोन बंद झाला.

पाच मिनिटांची पंधरा झाली. कांताबाई दोनदा उठल्या आणि दोनदा बसल्या. "साहेब, तुमचं काय नुसकान झालंय का ह्याच्यात?" त्यांनी विचारले. सुखदेवांनी विचार करून सांगितले, "आता नाही." मग त्या तिसऱ्यांदा उठल्या, पदर खोचला, पायरी उतरल्या, आणि फाटकाशी रिक्षा येऊन उभी राहिली. आधी काठी बाहेर आली, मग दिगंबरराव, मग हातात मोबाइल घेतलेल्या आनंदीबाई.

"कांता, कुठे निघालीस? मागे फिर," आनंदीबाई म्हणाल्या. "यांना रिक्षात चढवायला अर्धा तास लागलाय मला."

आत गेल्यावर दिगंबरराव खुर्चीत बसले नाहीत. काठीवर भार देऊन उभेच राहिले, साहेबापुढे उभे राहावे तसे.

"मॅडम, रात्रीचे ठोके माझे," ते म्हणाले. "दिवसाचे हिचे. गुडघा दुखायला लागल्यापासूनचे सगळे."

डॉक्टर नीरजांनी संगणक स्वतःकडे वळवून घेतला आणि एकेक दिवस उघडायला सुरुवात केली. खोलीत फक्त बटणाचा आवाज होता. मध्येच त्या कांताबाईंना म्हणाल्या, "तुम्ही खाली बसू नका, खुर्चीवर बसा," आणि पुन्हा पडद्याकडे वळल्या. शेवटी सोनोग्राफीसारखी हृदयाची एक तपासणी झाली, रक्त घेतले गेले आणि गोळी लिहून दिली गेली. काय खायचे नाही, कोणती गोळी चुकवायची नाही, हे बाईंनी आनंदीबाईंना सांगितले. आनंदीबाई म्हणाल्या, "माझ्यासमोर घेईल ती. न घेऊन जाते कुठे?"

सगळे बाहेर गेल्यावर बाईंनी सुखदेवांना थांबवले.

"म्हणजे यंत्र बरोबर होतं."

"हो."

"मग हे जास्त वाईट. यंत्र चुकलं असतं तर तुम्ही दुरुस्त केलं असतं. हात बदलला हे ते सांगत नाही, आणि मला तेच कळायला हवं. पूर्वी तुम्ही आठवड्याने यायचात, ओव्हाळ. या वेळी आला नाहीत."

"नाही आलो."

"मी नाही ठेवणार ते दवाखान्यात."

"बरं," सुखदेव म्हणाले. बाईंचे चुकले असे त्यांना वाटले नाही.

पुष्करला मात्र हुरूप आला. "काका, लिसन, यात ऑपर्च्युनिटी आहे! घरकामाच्या बायका. मालकिणीनं दिवाळीला साडीऐवजी बँड द्यायचा. गिफ्टिंग सेगमेंट!"

"द्या की," सुखदेव म्हणाले. "फक्त खोक्यात आठवड्यानं घरी येणारा एक माणूसही घाला."

पुष्कर हसला. सुखदेवांनी विनोद केला असे त्याला वाटले.

परत आलेल्या बँडपैकी तो एक सुखदेवांनी कामगारांच्या सवलतीत विकत घेतला आणि सहस्रबुद्ध्यांच्या घरी जाऊन कांताबाईंच्या नावावर चढवला. कांताबाईंचा मोबाइल बटणांचा, म्हणून तो आनंदीबाईंच्या मोबाइलला जोडला. रात्रीचे ठोके बँडमध्ये साठतात आणि सकाळी कांताबाई त्या घरात पाऊल टाकतात, तेव्हा ते मोबाइलमध्ये उतरतात. काही बिघडले तर निरोप कोणाला पाठवायचा, असा प्रश्न शेवटी आला. कांताबाईंनी थोडा विचार केला. मुलगा चाकणला कंपनीत, पाळीत असला की त्याला फोन लागत नाही. "ह्यांचाच टाका," त्या सुखदेवांकडे बोट करून म्हणाल्या. सुखदेवांनी आपला नंबर टाकला. रोज अहवाल आला तरी चालेल का, असे खाली विचारले होते. त्यांनी 'चालेल' निवडले.

संघाच्या फळ्यावर दिगंबररावांचे नाव आता तळाशी असते. ते खजिनदारी सोडायला निघाले होते, पण ती घ्यायला कोणी तयार झाले नाही.

दिवाळीला सुखदेव निवृत्त झाले. गोदामात नारळ आणि शाल मिळाली, शालीलाही वास होता. त्यानंतरच्या सकाळी बसची घाई नव्हती तरी ते पूर्वीच्याच वेळेला उठले. चहा केला, कप टेबलावर ठेवला आणि मोबाइल त्याच्याशेजारी ठेवला. वाघोलीच्या रस्त्यावर ट्रक चालले होते. चहावर साय धरली. कांताबाईंना आज उशीर होता. सुखदेवांनी कप उचलला नाही.

मग मोबाइल वाजला. रात्रभराचे ठोके, सगळे सरळ. म्हणजे कांताबाई सहस्रबुद्ध्यांचे दार लोटून आत आल्या होत्या.

सुखदेव उठले आणि त्यांनी चहा पुन्हा गरम करायला ठेवला.